सातव्या मजल्यावरची मेव्हिस

एडमंटन,
१४ ऑक्टोबर २०२३

चि. ऊर्मी हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

आपण फोनवर भांडतो, म्हणून यापुढे पत्रंच लिहायची, ही तुझी कल्पना मला पटली. पत्रात समोरच्याला मध्येच तोडता येत नाही. प्रतापला आणि चैत्रालीला माझे आशीर्वाद सांग.

उद्या घट बसतील. मागच्या वर्षी समई लावली तर स्मोक अलार्म ओरडला आणि दहाही मजल्यांवरची माणसं कोट घालून खाली उतरली. यंदा बॅटरीचा दिवा आणलाय. देवीनं समजून घ्यावं.

बिल्डिंगची हालत तीच आहे. दोन लिफ्टपैकी एक वर्षभर बंद, दुसरी तिच्या मनात येईल तेव्हा चालते. थंडीत खिडक्यांना आतून बर्फ धरतो. कॉमन रूमला कुलूप. सरकारी घर, म्हातारी माणसं, उत्पन्नाच्या हिशेबानं भाडं. ही कुठे जाणार आहेत, असा वरच्यांचा विचार. हे गेल्यावर चार वर्षं वेटिंग लिस्टवर काढून मी इथे आले, तेव्हा मीही गप्पच होते. मग दोन वर्षांपूर्वी मीच चिवड्याची ताटली घेऊन दारोदार फिरले. लोकांना वाटलं, ही बाई काहीतरी विकून राहिली. पहिल्या मीटिंगला लॉन्ड्री रूममध्ये चार जण होते, त्यातले दोघं नुसती कपडे वाळायची वाट बघत होते. तिथून आज आमची चाळीस जणांची टेनंट कमिटी झाली. शहरातली एक संस्था दर शनिवारी येऊन आम्हाला ट्रेनिंग देते. मीटिंग कशी चालवायची, तक्रार अशी कशी लिहायची की ती हरवणार नाही, भाडेकरूचे हक्क काय, आणि मोठ्या लोकांपुढे न रडता, न ओरडता कसं बोलायचं. ती संस्थाही मीच शोधून आणली. हे सगळं तुला एवढ्यासाठी सांगते, की इथे ते आता कुणाला आठवत नाही.

आता मेव्हिसचं सांगते. फेब्रुवारीत सातव्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात राहायला आली. वसईची, ख्रिश्चन, एकटीच. आधी कुवेतमध्ये आणि मग इथे नर्सिंग होममध्ये काम करत होती. दार उघडून पहिल्यांदा मराठी ऐकलं तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी तिला चप्पल घालू न देता आत ओढलं. शनिवारच्या ट्रेनिंगला हात धरून मीच नेलं. आणि ती बघ कशी माझ्या पुढे जाऊन बसली! सरावासाठी प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं होतं. मी बोलले, तेव्हा सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मेव्हिस बोलली, तेव्हा लोक आधी रडले आणि मग हसले. शिवाय ती सगळ्यांच्या पुढ्यात केकची बशी धरते ना, तीही उपयोगी पडते.

जानेवारीत या बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या हाउसिंगच्या बोर्डापुढे आम्हाला बोलायला दहा मिनिटं मिळणार आहेत. काल कोण बोलणार ते ठरलं. मेव्हिस. सगळ्यांचे हात वर. माझाही गेला, काय करणार? पण सगळ्यात शेवटी गेला, आणि ते तिनं पाहिलं.

माया आहे तेवढी ठेव. वाढवलीस तर नको म्हणणार नाही.

तुझी,
ताई


व्हँकुव्हर,
२६ ऑक्टोबर २०२३

ती. ताईस,
ऊर्मीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहून प्रताप म्हणाला, की तुझ्या ताई अजून फळ्यावर सुविचार लिहिल्यासारखं लिहितात. मी म्हटलं, ताई आयुष्यभर मॉनिटर होती, दुसरं कसं लिहील?

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझं नाव त्यात एकदाच आहे, अगदी वर. बाकी पत्रभर मेव्हिस. तुला आठवतं का, नागपूरला शाळेच्या गॅदरिंगमध्ये राणीचं काम कुण्या दुसऱ्या मुलीला दिलं तेव्हा तुला ताप भरला होता? खरा भरला होता. आईनं मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. मला वाटतं, तुला पुन्हा तसाच ताप आलाय.

इथे पाऊस चालू आहे आणि आता मार्चपर्यंत चालूच राहील. चैत्राली तिकडे फ्रेंच मुलखात, लव्हालला नोकरीला लागल्यापासून फोन उचलला की आईलाही बोंझूर म्हणते. तिची खोली तशीच आहे. पडदे मी नवे लावले. कुणासाठी ते तुला ठाऊक आहे. तू फोनवर म्हणाली होतीस, बहिणीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस बरे, पाचव्या दिवशी कळतं की चहाची पातेली तिची आहेत. ताई, पातेली तर तुझीच आहेत, माझ्या लग्नात तूच दिलेली. जिथे खिडकीला आतून बर्फ धरतो तिथे तू राहतेस आणि माझ्याकडे येत नाहीस, हे मी इथल्या मैत्रिणींना कसं सांगू? मी सांगतच नाही.

प्रताप म्हणतो, भाडेकरूंना तक्रारीची सवयच असते. रागावू नकोस, आमच्या कोंडोत, म्हणजे त्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये, जे कुटुंब भाड्यानं राहतं, ते दर आठवड्याला ईमेल करतं, की वॉशरूममध्ये बुरशी आली. प्रतापनं त्यांना उत्तर पाठवलं, की अंघोळ करताना खिडकी उघडत जा.

तू मेव्हिसवर जळतेस, हे वाचून मी आधी खूप हसले. मग हसू थांबलं. तिला तू रोज दिसतेस, तिच्या समोरच्या दारात. मला काय दिसतं?

नमस्कार आहेच. रागही आहे, तो वेगळा.

तुझी,
ऊर्मी


एडमंटन,
९ डिसेंबर २०२३

चि. ऊर्मी हिस,
अनेक आशीर्वाद.

यंदा नवलच आहे, डिसेंबर आला तरी बर्फ नाही. बर्फ उपसायचं फावडं खालच्या दारामागे कोरडं उभं आहे. लोक स्वेटरवर फिरताहेत. दिवाळीला तू पाठवलेले अनारसे मेव्हिसला दिले नाहीत. एकटीनं खाल्ले. हे मी मुद्दाम लिहितेय, तुला बरं वाटेल म्हणून.

एक गोष्ट तुलाच सांगते. इथे कुणाला माहीत नाही. परवा नायजेलनं, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या मॅनेजरनं, मला ऑफिसात बोलावलं. दोन वर्षांत त्यानं मला कधी खुर्ची दिली नव्हती. परवा चहा दिला, तोही दूध घालून. म्हणाला, की या सगळ्यांत समंजस तुम्हीच. सुरुवात तुम्ही केली हे त्याला पक्कं आठवत होतं, अगदी लॉन्ड्री रूमसकट. ऊर्मे, ते ऐकताना मला काय वाटलं म्हणून सांगू! तो चहा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग त्यानं सांगितलं, की हाउसिंगला भाडेकरूंचं एक सल्लागार मंडळ नेमायचं आहे, दर महिन्याला त्याच्या ऑफिसात बसून बोलायचं, आणि त्याची अध्यक्ष मी व्हावं. बोर्डापुढे जाऊन तमाशा करण्यापेक्षा हे सगळ्यांच्या हिताचं.

आणखी एक. दुसऱ्या मजल्यावर नमुना म्हणून चार घरं नवी केली आहेत. नव्या खिडक्या, भिंतीला इलेक्ट्रिक हीटर. त्यातलं एक रिकामं आहे, दक्षिणेकडे तोंड. नायजेलनं किल्ली काढून दाखवलं. दुपारच्या उन्हाचा चौकोन अख्ख्या फरशीवर पडला होता. मी त्या उन्हात उभी राहिले, कोट काढून. माझ्या गुडघ्यांचा विचार करून हे घर मला देता येईल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, विचार करून सांगते.

मेव्हिसला सांगितलं नाही. ती काल फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे मैद्याचे तळलेले गोळे, घेऊन आली, नाताळाचे म्हणून, आणि बोर्डापुढचं भाषण ऐकून चुका काढ म्हणाली. मी डोकं दुखतंय म्हणाले. त्याआधी सहाव्या मजल्यावरच्या बाईला मी म्हणून गेले होते, की मेव्हिसला इथे वर्षही झालं नाही, तिला या बिल्डिंगचं काय कळतं. ते तिच्या कानावर गेलं असणार, इथे भिंती पातळ आहेत. तरी ती रात्री दारात सुपाचं भांडं ठेवून गेली, डोकेदुखीसाठी. त्या सुपाचा मला जास्त राग आला.

तू काय करशील, ते लिही.

आशीर्वाद थंडीत आखडत नाहीत, तेव्हा भरपूर घे.

तुझी,
ताई


व्हँकुव्हर,
१८ डिसेंबर २०२३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घे ते घर. गुडघे तुझे आहेत, कमिटीचे नाहीत. मेव्हिसनं आता जोरात भाषणं करावीत आणि तू उन्हात बसून स्वेटर विणावेस. प्रतापचंही हेच मत आहे, आणि आमचं दोघांचं मत जुळणं किती दुर्मीळ ते तुला माहीत आहे.

एवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण झोप येईना म्हणून पुन्हा उघडलं. ताई, एका अनोळखी माणसानं चहा पाजून दिलेली खोली तुला चालते. मी पाच वर्षं देतेय ती चालत नाही. नायजेलच्या खिडकीत ऊन आहे आणि माझ्या खिडकीत पाऊस, एवढाच फरक असेल तर सांग.

बाकी क्षेम. नमस्कार पोचावा, आणि त्यामागचं रडू पोचू नये.

ऊर्मी


एडमंटन,
२४ जानेवारी २०२४

प्रिय ऊर्मीबाई यांस,
मेव्हिसचा स. न. वि. वि.

असा मायना आम्हाला वसईच्या शाळेत सिस्टरांनी शिकवला होता. पुष्कळ वर्षांनी लिहिते आहे, चुकलं तर हसा. तुमच्या सुरेखाताईंना न विचारता हे पत्र टाकते आहे. आधी हे वाचा: ताई बऱ्या आहेत. त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर आहे, म्हणून लिहिता येत नाही. तुम्हाला कळवू नको म्हणाल्या. तुम्ही रागावाल म्हणून नाही, तुम्ही विमानात बसून याल म्हणून.

ताई नववर्षाच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या. सामान हलवायला मीच मदत केली. त्यांनी कारण गुडघ्यांचं सांगितलं, पण सल्लागार मंडळाची चिठ्ठी नायजेलनं लगेच लिफ्टमध्ये चिकटवली, ताईंच्या नावासकट. मग लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. लॉन्ड्रीत त्या आल्या की गप्पा थांबायच्या. मी बोलत होते, पण खरं सांगते, आतून नाही.

आणि मग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती थंडी आली. उणे चाळीसच्या खाली. तुमच्याकडे व्हँकुव्हरला काय कळणार! शनिवारी सकाळी आमचा बॉयलर बंद पडला आणि दुपारी चालू असलेली लिफ्टही थांबली. माझ्या खिडकीत ठेवलेल्या ग्लासातलं पाणी गोठलं. लोक कोट, टोपी, हातमोजे घालून पलंगावर बसले. ऑफिसचा फोन मशीनवर. मी सातव्या मजल्यावर जपमाळ घेऊन बसले होते, तर दारावर थाप पडली. तुमच्या ताई. दुसऱ्या मजल्यावरून चालत, त्या गुडघ्यांनी. दम लागला होता. म्हणाल्या, की माझं घर गरम आहे, ऊठ, चल, आणि येताना मजल्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना घे.

एकेक मजला आम्ही दोघींनी दारं ठोठावली. त्यांच्या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात मिळून किती माणसं बसली होती, विचारू नका. बाथटबच्या काठावरसुद्धा. ताईंनी मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली. आधी कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, पण गरम खिचडी हातात घेऊन किती वेळ दुसरीकडे बघणार?

नवव्या मजल्यावर पर्सी राहतो, व्हीलचेअरवर असतो. त्याला खाली कसं आणायचं? ताईंनी अग्निशामक दलाला फोन लावला. ते येईपर्यंत त्याला ब्लँकेटं पोचवायला निघाल्या. मी म्हटलं, मी जाते. म्हणाल्या, तू भाषण करणारी आहेस, तुझे पाय जपायला हवेत. बघा, तेव्हाही टोमणा! परत उतरताना पाचव्या मजल्याच्या जिन्यात पडल्या. पर्सीला घेऊन खाली येणाऱ्या जवानांनीच त्यांना उचललं.

परवा बोर्डाची मीटिंग झाली. मी दहा मिनिटं बोलले. दोन महिने आरशापुढे तयारी केली होती, चांगलं झालं. मग बोर्डाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, की बिल्डिंग जुनी आहे, इतक्या थंडीत कुणाचंच काही चालत नाही. नायजेल उठला आणि म्हणाला, की भाडेकरूंचं अधिकृत मंडळ नेमलेलं आहे, त्याच्या अध्यक्ष समाधानी आहेत, आणि त्या इथे बसल्या आहेत. त्यानं ताईंकडे हात केला.

ताई उभ्या राहिल्या, हात गळ्यात बांधलेला. त्यांचं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे, सावकाश आणि शाळेतलं. म्हणाल्या, की हो, मी समाधानी आहे, त्या शनिवारी मी घरात नुसत्या सुती साडीवर होते. आणि त्याच इमारतीत, त्याच वेळी, पाच मजले वर माझ्या शेजारणीच्या ग्लासातलं पाणी गोठलं होतं. म्हणजे ही इमारत गरम करता येते. कुणाला गरम ठेवायचं ते तुम्ही ठरवता. मला ते घर मी गप्प बसावं म्हणून दिलं होतं, आणि मी महिनाभर गप्प बसलेही. आता नव्या खिडक्या कुणाला नाकारायच्या ते तुम्ही मला नावं घेऊन सांगा, मी घरोघरी जाऊन कळवते, मला दारं ठोठावायची सवय आहे. आणि बसल्या.

मग आमची माणसं उठून उभी राहिली. बोर्डानं तिथल्या तिथे कबूल केलं: बॉयलर या मोसमातच बदलायचा, दोन्ही लिफ्ट वसंतापर्यंत, कॉमन रूम लगेच उघडायची, आणि बोर्डावर एक जागा भाडेकरूंनी निवडलेल्या माणसाला. खिडक्यांचं मात्र पुढच्या वर्षावर ढकललं.

ऊर्मीबाई, लोक त्यांच्यासाठी उभे राहिले तेव्हा मला आनंद झाला. टोचलंही. माझ्या भाषणाला त्यांनी बसूनच टाळ्या वाजवल्या होत्या. मात्र पेपरात फोटो माझा आला, आणि आता ताई तो पेपर उलटा ठेवतात.

तुमची पत्रं त्या मला वाचून दाखवत. वाचता वाचता मध्येच काही ओळी गाळत. त्या माझ्याबद्दलच्या असणार, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. पण मला त्याचं वाईट वाटत नसे. मला दोन भाऊ आहेत आणि ब्रॅम्प्टनला एक मुलगा. माझ्या टपालपेटीत फक्त जाहिराती येतात. माझ्यावर जळणारी बहीण व्हँकुव्हरला आहे, हे ओळखून मला वाटायचं, की मलाही कुणी असं रागावून लिहावं.

देव तुम्हाला सुखी ठेवो, आणि ताईंवर फार ओरडू नका.

आपली,
मेव्हिस


व्हँकुव्हर,
२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं हाड मोडतं आणि ते मला एका परक्या बाईच्या पत्रातून कळतं. पत्र वाचताना मी आधी त्या बाईवरच संतापले. तिनं तुला दवाखान्यात नेलं, तिनं तुझ्या हाताला पिशवी बांधून अंघोळ घातली असेल, तिनंच तुझी वेणी घातली असेल. हे माझं काम होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, आणि तुझ्या त्या पातेल्यात चहा करून प्यायले.

'घे ते घर' असं मीच लिहिलं होतं. तू ते विसरली नसशील. मी तुझ्या गुडघ्यांचं निमित्त केलं, पण खरं म्हणजे मला तू त्या कमिटीतून, त्या मजल्यावरून, त्या मेव्हिसच्या समोरून उठायला हवी होतीस. नायजेलचं आणि माझं एकच म्हणणं होतं, हे आता लक्षात आलं आणि लाज वाटली.

आणखी एक. पत्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी आमच्या कोंडोतल्या भाडेकरूंकडे गेले. प्रतापला न सांगता. त्या घरात मी तीन वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. ताई, वॉशरूमचं छत काळं झालंय. खिडकी उघडा म्हणून प्रतापनं लिहिलं होतं ना? त्या वॉशरूमला खिडकीच नाही. त्यांची लहान मुलगी दारात उभी राहून खोकत होती. मी घरी येऊन प्रतापशी भांडले. आधी तो म्हणाला, तुझ्या ताईंनी आता इथेही कमिटी काढली का? मग गाडी काढली आणि स्वतः बघून आला. सोमवारपासून काम सुरू आहे.

मी शनिवारी येतेय. तिकीट काढलंय. नको म्हणू नकोस, पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी बहुतेक दारात असेन. मेव्हिसला सांग, की तुझी वेणी दोन आठवडे मी घालणार आहे.

पाया पडते, प्लास्टरला धक्का न लावता.

ऊर्मी


एडमंटन,
२१ एप्रिल २०२४

चि. ऊर्मी हिस,
अनेक आशीर्वाद.

हात आता चालतो, पण अक्षर बिघडलंय. प्रतापला दाखवू नकोस.

तू येऊन गेलीस त्याला दोन महिने झाले, तरी लोक मला लिफ्टमध्ये विचारतात, तुझी बहीण पुन्हा कधी येणार? पर्सी तर रोज विचारतो. तू सगळ्यांना पोहे खाऊ घालून गेलीस, आणि मेव्हिसला घेऊन मॉलमध्ये फिरलीस, आणि मी घरी प्लास्टर सांभाळत बसले. तुम्ही दोघी हसत हसत आलात तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं, हे आता सांगते. स्वभावाला औषध नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं घर पर्सीला द्यायला लावलं. मी पुन्हा सातव्या मजल्यावर, माझ्या जुन्या घरात. ते कुणी घेतलंच नव्हतं. नवा बॉयलर बसला. लिफ्ट दोन्ही चालतात, एकीला अजून खोकला आहे. खिडक्यांचं आम्ही दर मीटिंगला विचारतो. नायजेलची बदली दुसरीकडे झाली. जाताना त्यानं मला नमस्कार केला नाही, आणि मी त्याच्या चहाबद्दल आभार मानले. कॉमन रूम उघडली तर आत पिंगपाँगचं टेबल निघालं, धुळीनं भरलेलं. गेल्या रविवारी तिथेच मतदान झालं, बोर्डावरच्या भाडेकरूंच्या जागेसाठी.

मेव्हिस उभी होती. मीही राहिले. ऊर्मे, मी निवडून आले.

वाटलं होतं, आनंदानं नाचीन. मेव्हिसनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत आधी, आणि सगळ्यांच्या आधी वर निघून गेली. सोमवारी तिचं दार बंद. मंगळवारी मी सांजा घेऊन गेले तर आतून म्हणाली, पोट बरं नाही. बुधवारी लॉन्ड्रीत मला पाहून ओले कपडेच उचलून घेऊन गेली. सहाव्या मजल्यावरची बाई मला सांगून गेली, की मेव्हिस म्हणते, सुरेखाला बोर्डातलं इंग्रजी झेपायचं नाही. ऐकलं आणि आधी मला काय झालं असेल? गोड वाटलं. कुणीतरी माझ्यावर जळतंय! आयुष्यात पहिल्यांदा. दिवसभर मी त्याच तोऱ्यात होते.

संध्याकाळी एकटीनं जेवताना घास उतरेना. समोर तिचं दार, आत रेडिओ लागलेला, आणि मला तिकडे जायची चोरी. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत मी तिला असंच ठेवलं होतं. आणि तिनं काय केलं? माझं सामान उचललं. तिला कळत होतं, सगळं कळत होतं, आणि तिनं एकदाही माझ्याकडे पाठ केली नाही. मला तर तीन दिवसांत रडू आलं. तिनं तो अख्खा हिवाळा कसा काढला असेल?

मी उठून तिचं दार वाजवलं. आतून म्हणाली, की ती रुसलेली नाही, तिचं डोकं दुखतंय. मी म्हटलं, असू दे, मी इथे जिन्याच्या पायरीवर बसते. बराच वेळ बसले. गुडघ्यांनी तक्रार केली ती कुठल्याच बोर्डापुढे नेता आली नाही. मग मी तिथूनच दाराकडे तोंड करून सांगितलं, की मला बोर्डातलं इंग्रजी खरंच झेपणार नाही, कागद वाचून समजावणारं माणूस लागेल, आणि ते काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. मग ती म्हणाली, की बोर्डाच्या मेंबरनं आधी लॉन्ड्रीतले दोन्ही ड्रायर दुरुस्त करून दाखवावेत, मग बघू. मी म्हटलं, बरं. तिनं विचारलं, की मी अजून पायरीवरच बसले आहे का. मी म्हटलं, उठता येत नाही म्हणून बसले आहे.

तेव्हा तिनं दार उघडलं, केस मोकळे, डोळे सुजलेले. माझ्या चांगल्या हाताला धरून मला उठवलं, आणि म्हणाली, की पुढच्या निवडणुकीत ती मला पाडणार आहे.

माझा लोभ तुझ्यावर आधी आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
ताई